विहीणबाईंची बादली

मी बार्शी सोडली त्या सकाळीसुद्धा आईने धुणं चुकवलं नाही. पुण्याला नेणारी गाडी नऊला दारात येणार होती आणि साडेसातला ती मोरीत बसून मी रात्री घातलेला गाऊन घासत होती. मी म्हटलं, "राहू दे ना आई, तो मी नेतच नाहीये." ती मान वर न करता म्हणाली, "अंगावरचं तसंच टाकून जातं का कुणी?" गाऊन काही वाळला नाही. शेवटी तिने तो पिळून पिळून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला आणि माझ्या बॅगेत कोंबला. गाडी निघाली तेव्हा बाबा रडत होते, शेजारच्या काकू रडत होत्या. आई मात्र ओले हात पदराला पुसत ड्रायव्हरला बजावत होती, हायवेला सावकाश ने म्हणून. तीन दिवसांनी सिडनीत, पॅरामॅटाच्या खोलीत मी बॅग उघडली, तर सगळ्या कपड्यांना कुबट वास लागला होता. मला इतका राग आला की मी त्या गाऊनवर रडले. घरासाठी रडायला मला दुसरं काही सापडलंच नव्हतं.

तिकडे राहिलेल्यांना वाटतं, इकडे आले ते सुटले. आणि आम्ही इकडचे एकत्र जमलो की बोलतो ते खाण्यापिण्याबद्दल, सणांबद्दल, कुणाचे आईवडील कधी येणार याबद्दल. हेव्याबद्दल कुणी बोलत नाही. मी बोलणार आहे. कोविडमुळे सीमा बंद होत्या त्या दोन वर्षांत मी नोकरी केली, जेवले, झोपले आणि उरलेला सगळा वेळ हेवा केला. आधी नवऱ्याचा, मग सासूचा आणि शेवटी, सांगायला लाज वाटते, माझ्या स्वतःच्या आईचा.

अमोल, माझा नवरा, डोंबिवलीचा. माझ्यासारखाच युनिव्हर्सिटीत शिकायला आला आणि राहिला. तो आयटीत आणि मी पॅथॉलॉजी कलेक्टर, म्हणजे लोकांचं रक्त घेणारी. सिडनीच्याच टूनगॅबीत लाल विटांच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये आमचं दोन बेडरूमचं भाड्याचं युनिट, म्हणजे फ्लॅट, होतं. माझे बाबा तोवर गेले होते आणि आई बार्शीत एकटी होती. मी एकुलती एक. २०२०च्या फेब्रुवारीत खरं तर तीच येणार होती. व्हिसा झाला होता. पण ऐनवेळी म्हणाली, "उन्हाळकामं उरकून मेमध्ये येते गं. आधी विहीणबाईंना येऊ दे." म्हणून अमोलची आई आली, तीन महिन्यांसाठी. मी त्यांना अहोआई म्हणते. माझी ती आई, अमोलची ती अहोआई, मध्ये फक्त एक 'अहो'.

मार्चमध्ये विमानं बंद झाली. अहोआई इकडे अडकल्या आणि आई तिकडे. दोघींमधली एकच माझ्याजवळ अडकू शकली असती आणि ती नेमकी दुसरी होती. हे मी कुणाला बोलले नाही. पण रोज सकाळी किचनमध्ये अहोआईंची पाठ दिसली की एक क्षण, फक्त एक क्षण, वाटायचं, ही जागा दुसऱ्या कुणाची होती.

माझी ड्यूटी तेव्हा ड्राइव्ह-थ्रू स्वॅब क्लिनिकला लागली. गाड्यांची रांग, काच खाली, "हेड बॅक प्लीज, ऑल्मोस्ट डन", पुढची गाडी. घरी आले की दारातच कपडे उतरवून झाकणाच्या बादलीत टाकायचे, सरळ शॉवर आणि मग छोट्या बेडरूममध्ये एकटीने. अहोआई सदुसष्टच्या, त्यांना रक्तदाब. म्हणून मी त्यांच्यापासून आणि अमोलपासूनही लांब राहायचं, असं मीच ठरवलं होतं. ताट दाराशी यायचं.

अशात एका सकाळी ब्लॉकच्या लाँड्रीला कुलूप लागलं. तळमजल्यावर सगळ्या बिऱ्हाडांना मिळून दोन मशिनं होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी पॉझिटिव्ह निघालं आणि दारावर नोटीस आली, पुढची सूचना मिळेपर्यंत बंद. आमच्या युनिटमध्ये मशीन लावायला नळाची जोडणीच नव्हती. स्टेशनजवळचं लाँड्रोमॅट चालू होतं, पण क्लिनिकमधले कपडे तिथे न्यायला माझंच मन होईना. पहिले चार दिवस अमोलने बाथटबमध्ये पायाने तुडवून कपडे धुतले. सहा मजले चढून आल्यासारखा धापा टाकायचा आणि कपड्यांना साबण तसाच चिकटलेला असायचा. माझ्या मानेवर पुरळ उठलं.

अहोआईंनी ते पाहिलं, लांबूनच. संध्याकाळी त्यांनी अमोलकडून कागद मागून घेतला.

अहोआई एकतीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवत होत्या. कार्यानुभव म्हणजे पुठ्ठे, तारा, खळ, कातरकाम. शाळेत आमच्या मास्तरांनी त्या तासाला कायम गणित घेतलं, म्हणून मला हा विषय कधी खरा वाटला नव्हता. त्यांनी कागदावर बादलीचं चित्र काढलं, आतून दिसेल असं, बाण काढून, नावं लिहून. अमोलने हार्डवेअरच्या दुकानातून क्लिक अँड कलेक्टने, म्हणजे ऑनलाइन मागवून दारातूनच उचलून, सामान आणलं. तीन मोठ्या बादल्या, दोन झाकणं, एक पाइनची फळी, लाकडी पट्ट्या आणि संडास तुंबल्यावर वापरतात तो रबरी प्लंजर.

"कोरा आहे ना रे?" अहोआईंनी विचारलं.

"अगं आई, दुकानातून आणलाय!"

"तरी पण धू दोनदा."

बाल्कनीत त्यांचा कारखाना सुरू झाला. प्लंजरच्या रबराला सहा भोकं पाडली, म्हणजे दाबलं की पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि रबर तळाला चिकटून बसत नाही. बादलीच्या झाकणाला मधोमध एक भोक, त्यातून प्लंजरची दांडी वर. वरून रवीसारखं खाली-वर करायचं, पाणी अंगावर उडत नाही. फळीवर पट्ट्या चिकटवून कॉलर घासायचा पाट केला. पहिल्याच गरम पाण्यात पट्ट्या सुटून तरंगायला लागल्या, तेव्हा अहोआईंनी मागून स्क्रू मारून घेतले. पिळायचं काम सगळ्यात अवघड. त्यावर त्यांनी युक्ती काढली, एका बादलीच्या तळाला आणि बाजूंना भोकं पाडून ती दुसऱ्या बादलीत बसवायची, आत ओले कपडे, वर लाकडी चकती आणि चकतीवर अमोल.

हो, अमोल. रोज सकाळी साडेनऊच्या मीटिंगला माझा नवरा लॅपटॉप मांडीवर घेऊन बादलीवर बसायचा. त्याच्या टीमला वाटायचं त्याने नवीन खुर्ची घेतली. खालून पाणी निथळत असायचं आणि अहोआई कॅमेऱ्याच्या बाहेरून खुणा करायच्या, अजून थोडा जोर दे, बबड्या.

बबड्या! अडतीस वर्षांचा बबड्या. मी शिफ्टहून आले की शॉवर घेऊन माझ्या खोलीच्या खिडकीत उभी राहायचे. तिथून बाल्कनी दिसायची. काचेपलीकडे तो आणि त्याची आई. त्यांचा आवाज यायचा नाही, फक्त हसणं दिसायचं. एकदा त्याच्या कपाळाला फेस लागला आणि तिने तो स्वतःच्या पदराने पुसला. मला तेव्हा कुणीही हात लावून पाच आठवडे झाले होते. मी दिवसभर अनोळखी लोकांच्या इतकी जवळ जायचे, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मोजता येईल इतकी जवळ, आणि घरी माझं ताट दाराशी. मला अमोलचा इतका हेवा वाटला की दातांनी ओठ चावला गेला. त्याला काय कळणार होतं? त्याची आई बाल्कनीत होती.

आईला मी रोज फोन करायचे. ती रोज एकच सांगायची, "होतंय गं. माझं काय, एकटीचं कितीसं धुणं." धुण्याभांड्याच्या मालनबाई लॉकडाऊनमुळे येत नव्हत्या. आईचा कॅमेरा नेहमी छताकडे असायचा, तिला फोन नीट धरता येत नाही म्हणून. निदान मी तसं समजत होते. एके दिवशी फोन तिच्या हातातून निसटला आणि कॅमेरा सरळ तिच्यावर वळला. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं.

"हे काय?"

"काही नाही. चादर पिळताना सटकले मोरीत. दहा दिवस झाले, आता बरं आहे."

दहा दिवस. दहा दिवस मी छत बघत होते.

त्याच दुपारी मी शिफ्टहून आले तर माझ्या दाराशी स्टुलावर माझे दोन युनिफॉर्म ठेवलेले, स्वच्छ, कडक घडी घातलेले. खिशाची कड अंगठ्याने दाबून सरळ केलेली. अहोआई पॅसेजच्या टोकाला उभ्या होत्या, मास्क लावून. म्हणाल्या, "बघ गं, आज साबण सगळा निघालाय. मान आता खाजणार नाही."

मी म्हटलं, "माझे कपडे तुम्ही धुवू नका."

"अगं, का?"

"मला आई आहे."

इतकंच बोलले आणि दार लावलं. लावल्या लावल्या कळलं मी काय बोलले ते. पण उघडून सॉरी म्हणायला हात उठेना, कारण मनातून मला ते खरंच वाटत होतं. माझ्या आईचं मनगट सुजलेलं, आणि तिची मुलगी दुसऱ्या बाईने धुतलेले कपडे घालून फिरते. अमोलने रागाने दार वाजवलं. अहोआईंचा आवाज आला, "राहू दे रे तिला."

दुसऱ्या दिवशी कपडे मीच धुतले, त्यांच्याच बादलीत, त्यांच्याच प्लंजरने. शंभर वेळा खाली-वर. कपडे उत्तम निघाले, याचाही राग आला.

मी कामावर असताना अहोआईंनी माझ्या आईला फोन लावला. हे मला आठवड्याने कळलं. त्याआधी त्या दोघी लग्नात आणि दिवाळीला बोलल्या असतील, तेही "बरं आहे ना, हो बरं आहे" एवढंच. आता रोज दुपारी दोनला इकडून फोन जायचा, तिकडे सकाळचे साडेनऊ, धुण्याची वेळ. बार्शीत हार्डवेअरची दुकानं बंद, प्लंजर कुठून मिळणार? तर अहोआईंनी आईकडून घरातल्या वस्तूंची यादीच काढून घेतली. रंगाची रिकामी बादली होती. फरशी पुसायच्या मॉपची दांडी होती. टोकाला काय लावायचं? आधी रॉकेलचं जुनं नरसाळं लावून पाहिलं, ते पहिल्याच दाबाला तडकलं. मग आईने पोचे आलेला एक स्टीलचा वाडगा काढला. तो उलटा बसवायचा आणि त्याला खिळ्याने भोकं पाडायची. आईचा उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून डाव्या हाताने, दिवसाला एक भोक. आठ भोकांना आठ दिवस लागले.

मला सुट्टी होती त्या दिवशी मी भिंतीपलीकडून हे ऐकलं.

"विहीणबाई, खिळा वाकडा धरताय."

"अहो, तुम्हाला तिकडून कसा दिसतो वाकडा?"

"एकतीस वर्षं वाकडेच खिळे बघितलेत मी. सरळ धरा. हां. आता कड आतून दगडावर घासून घ्या, नाहीतर ब्लाउज फाटायचे."

"फाटू देत. घालून जायचंय कुठं?"

आणि माझी आई हसली. मोठ्याने, घोगरं, खोकला येईपर्यंत. ते हसणं मी बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. माझ्याशी बोलताना ती कधी तशी हसत नव्हती. माझ्याशी ती फक्त बरी असायची. मी भिंतीला कान लावून उभी होते, माझ्याच घरात, माझ्याच आईचं हसणं चोरून ऐकत. मघापर्यंत मला नवऱ्याचा हेवा वाटत होता, की त्याच्याजवळ त्याची आई आहे. आता त्याच्या आईजवळ माझीही आई होती.

आईला मी फोनवर म्हटलं, "छान केलंत गं दोघींनी." आवाज इतका गोड निघाला की मलाच खोटा वाटला. हळूहळू आमचा फोन लहान होत गेला. मी काही विचारलं की ती म्हणायची, "ते विहीणबाईंना सांगितलंय मी सकाळी." मग मला बातम्या अहोआईंकडून कळायच्या. मालनबाईंच्या सुनेला मुलगी झाली. अंगणातला लिंब वठला. माझ्या गावच्या बातम्या मला डोंबिवलीची बाई टूनगॅबीत सांगायची.

सप्टेंबर उजाडला. लाँड्री केव्हाच उघडली होती, तरी अहोआई बादलीतच धुवायच्या. म्हणायच्या, मशीनमध्ये काय धुतलं जातंय ते दिसत नाही. एका दुपारी मी घरी होते. त्या आंघोळीला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन बाल्कनीत पाटावर होता. मी वाळलेले कपडे काढत होते. फोन वाजला, व्हॉइस मेसेज, नाव 'विहीणबाई'. मी ऐकायला नको होता. मी ऐकला.

"विहीणबाई, आज ऑक्सिजन पंच्याण्णव आलाय. ताप नाही. डबा आला होता, अर्धा खाल्ला. पोरीला बोलला नाहीत ना? नका बोलू."

मी तिथेच बाल्कनीच्या लादीवर खाली बसले. मी रोज माणसांच्या नाकात काड्या घालणारी बाई. किती जणांच्या आया असतील त्या, खिडकीची काच खाली करून बसलेल्या, घाबरलेल्या, आणि मी त्यांना म्हणायचे, "नो वरीज, यू'र डुइंग ग्रेट." माझ्या आईच्या नाकात कुणी काडी घातली होती? कोण होती ती? तिने माझ्या आईला धीर दिला का?

अहोआई बाहेर आल्या, केस ओले. माझ्या हातातला फोन बघून समजल्या.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आज अकरावा. आता ठीक आहेत गं. डॉक्टरांशी मी रोज बोलते. समोरच्या घरातून डबा लावलाय."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"त्यांनी शपथ घातली होती."

"माझी आई आहे ती!"

"हो," अहोआई म्हणाल्या. "म्हणूनच."

मी आईला फोन लावला. ती थकलेली दिसत होती, पण कॅमेरा नीट धरलेला होता. तेही तिला विहीणबाईंनी शिकवलं होतं. मी ओरडले, रडले, विचारलं की मला का नाही सांगितलंस, त्यांना कसं सांगितलंस. ती शांतपणे माझं रडणं होऊ देत होती. मग म्हणाली, "हे बघ, हे. हेच. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग मला तुझी समजूत काढावी लागली असती. अंगात ताप, श्वास लागलेला, त्यात तुझी समजूत. त्यांना सांगितलं की त्या ऐकून घेतात आणि मग विचारतात, वाफ घेतली का."

नऊ वर्षं मी समजत होते की मी लांबून आईला सांभाळते. आणि ती नऊ वर्षं माझ्यापासून एकेक गोष्ट झाकून मला सांभाळत होती. छताकडे धरलेला तो कॅमेरा त्यातलाच एक.

त्या दिवसापासून मी एक प्रयत्न केला. फोनवर रडायचं नाही आणि सल्ले द्यायचे नाहीत. तिने काही सांगितलं की फक्त विचारायचं, "मग?" सुरुवातीला तिला संशय आला. "बरी आहेस ना गं?" पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मला रात्री भीती वाटते, वैशू. दार लावलं की वाटतं, सकाळी कुणी उघडलं नाही तर?" मी नखं तळव्यात रुतवली आणि विचारलं, "मग?" ती पुढे बोलत राहिली. वीस मिनिटं. तेवढ्या वेळात मला आईबद्दल जे कळलं ते त्याआधी कधी कळलं नव्हतं. अहोआई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. फोन संपल्यावर त्या आत आल्या आणि पहिल्यांदाच, नियम मोडून, माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्यांना मे महिन्यातल्या त्या वाक्याबद्दल सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला लागलं होतं ते. पण खोटं नव्हतं."

ऑक्टोबरात एका खास विमानात अहोआईंना जागा मिळाली. सात दिवस मुंबईच्या हॉटेलात क्वारंटाइन, मग डोंबिवली. अमोल विमानतळावरून परत आला, बाल्कनीत गेला आणि त्या बादल्यांसमोर उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, आता तूही. आता तुझीही आई फोनमध्ये. या विचाराने एक घाणेरडं समाधान झालं, आणि मग मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

दिवाळीनंतर अहोआई आठ दिवसांसाठी म्हणून बार्शीला गेल्या. विहीणबाईंचं घर बघायचं होतं, वाडग्याची बादली प्रत्यक्ष तपासायची होती. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. दोघी विधवा, दोघी एकट्या, डोंबिवलीच्या बंद फ्लॅटमध्ये त्यांची वाट बघणारं तरी कोण होतं? एकवीस साली दुसरी लाट आली आणि त्यांना तिथेच अडकवून गेली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सुनेच्या माहेरी सासू राहते, हे ऐकलंय का कुणी? आई त्यांना सांगायची, "मग काय झालं? आम्ही शाळेतल्या मैत्रिणी आहोत." कुठल्या शाळेतल्या, ते कुणी विचारलं नाही.

मला आनंद झाला होता. आई आता एकटी नव्हती, सकाळी दार उघडणारं कुणीतरी होतं. आणि त्या आनंदाच्या पोटात हेवा बसला होता, तोंड वर करून. अहोआई माझ्या खोलीत झोपत होत्या. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर त्यांची औषधं. दोघींनी मोरीत मोठ्या बादल्यांचा जोड बसवला होता, वर बसायला आई, कारण ती जड, आणि दांडी हलवायला अहोआई. व्हिडिओ पाठवायच्या. त्या व्हिडिओत माझी आई बादलीवर राणीसारखी बसलेली, हातात चहाचा कप. मी तो बघताना, देवाशप्पथ, आईचाच हेवा केला. मला अशी मैत्रीण नव्हती. ना टूनगॅबीत, ना ब्लॅकटाउनच्या मराठी ग्रुपमध्ये. आम्ही एकमेकींना बर्थडेला बोलावतो, मसाल्यांची देवघेव करतो, पण आपल्या तापाचा आकडा सांगत नाही.

बावीस साली फेब्रुवारीत मी बार्शीला पोचले. तीन वर्षांनी. आईला मिठी मारली, ती लहान झाली होती. अहोआईंना वाकून नमस्कार केला. मग मला माझ्याच घरात पाहुणीचे पोहे मिळाले. टॉवेल कुठे आहे म्हणून आईला विचारलं, तर तिने आतल्या बाजूला हाक मारली, "विहीणबाई, टॉवेल कुठं ठेवलेत?" माझं अंथरूण हॉलमध्ये घातलं होतं. आई ओशाळून म्हणाली, "त्यांना त्या पलंगाची सवय झालीय गं." मी म्हटलं, असू दे. आणि ते बऱ्यापैकी खरं होतं.

निघायच्या दोन दिवस आधी मी तो विषय काढला. व्हिसाचे फॉर्म मी सोबतच आणले होते. "आई, आता चल. कायमची. मी सगळं करते." पूर्वी ती म्हणायची, घर कोण बघणार, बाबांचं वर्षश्राद्ध कोण करणार. या वेळी तिने यातलं काही सांगितलं नाही. ती तूर निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "मी आले तर विहीणबाई एकट्या पडतील."

"त्यांनाही आणू. अमोलची आई आहे ती."

"मग इथलं कोण बघणार?" आणि स्वतःच हसली, ते घोगरं हसणं. मग सूप खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. "वैशू, तू बोलावतेस ना, मला बरं वाटतं. बोलावत राहा. पण आता मला कुठंतरी जायचं आहे असं वाटत नाही. पूर्वी वाटायचं."

फॉर्म तसेच परत आणले. सिडनीला उतरले तेव्हा अमोल घ्यायला आला होता. त्याने पहिलं विचारलं ते, "कशा आहेत दोघी?" दोघी. त्याच्या आवाजात मला माझाच हेवा ऐकू आला.

आता मी पुन्हा साध्या कलेक्शन सेंटरला आहे, रक्त घेते. लंच ब्रेकला कार पार्कमध्ये गाडीत बसून बार्शीला फोन करते, तिकडे सकाळचे आठ असतात. परवा आईने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे पाण्याचा आवाज, अहोआईंचं काहीतरी ओरडणं.

"थांब गं, आम्ही कपडे वाळत घालतोय. मग करते."

आणि कट. आम्ही, म्हणाली ती. त्यात मी नव्हते. मी फोन डॅशबोर्डवर ठेवला, डबा उघडला आणि जेवायला लागले.

इथे नवीन ओळख झाली की हमखास विचारतात, घर कुठलं? मी पूर्वी पटकन बार्शी म्हणायचे, मध्ये काही वर्षं टूनगॅबी म्हणून पाहिलं. आता थोडी थांबते. माझ्यावाचून जिथली सकाळ नीट पार पडते आणि त्याचा मला हेवा वाटतो, ते माझं घर. दुसऱ्या कुठल्याच जागेचा मला हेवा वाटत नाही.